बालगंधर्व : मिळकत आणि उधळण

हल्ली चित्रपटांतील आणि दूरचित्रवाणीच्या मालिकांतील नटनट्यांची मिळकत किती, त्यांचे बंगले किती, मोटारी कोणत्या, याचे आकडे वर्तमानपत्रांतून छापून येतात आणि लोक ते आवडीने वाचतात. त्यात वावगे काही नाही. ज्याच्यावर आपण जीव टाकतो त्याच्या घरी काय शिजते हे जाणण्याची हौस माणसाला पूर्वीपासून आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी ही हौस एका माणसाभोवती एकवटली होती. तो नट होता, गायक होता, आणि उभे आयुष्य त्याने पातळ नेसून रंगभूमीवर काढले. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांनी जेवढा पैसा पाहिला तेवढा त्यांच्या पिढीतील क्वचितच दुसऱ्या मराठी नटाने पाहिला असेल. आणि त्यांच्याइतका तो हातातून जाऊ दिलेलाही दुसरा कोणी नसेल. हा पैसा आला कसा आणि गेला कोठे, हे पाहू लागले म्हणजे त्यांचे सगळे चरित्रच डोळ्यांपुढे उभे राहते.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा. राजहंस घराणे कृष्णाकाठच्या नागठाण्याचे. घरची स्थिती बेताची, पण गाण्याची हौस दांडगी. मुलाचा गळा लहानपणीच लोकांच्या नजरेत भरला. १८९८ साली पुण्यास लोकमान्य टिळकांपुढे या दहा वर्षांच्या मुलाचे गाणे झाले आणि लोकमान्यांनी त्याला बालगंधर्व म्हटले, ही हकीकत आता मराठी घरांतील पोरासोरांनाही ठाऊक आहे. नाव मिळाले, पण नावाने पोट भरत नाही. मुलाच्या कानात दोष होता. कोल्हापूरचे शाहू छत्रपती यांनी त्याचे गाणे ऐकले, मिरजेच्या मिशन रुग्णालयात त्याच्या कानावर उपचार करविले, आणि किर्लोस्कर नाटक मंडळीत त्याची सोय लावून दिली. ते साल १९०५. मिरजेसच शाकुंतलात त्यांनी शकुंतलेची भूमिका केली आणि मराठी रंगभूमीवरचा चार वर्षांचा सुतक-काळ संपला.

सुतक म्हणण्याचे कारण असे, की १९०१ साली भाऊराव कोल्हटकर गेले आणि किर्लोस्कर मंडळीच्या नायिकेची जागा ओस पडली. हे भाऊराव आपल्या बडोद्याचे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी त्यांना येथूनच उचलले आणि १८८२ सालच्या सौभद्रात सुभद्रा करून उभे केले. भाऊरावांचा आवाज पल्लेदार, चढा, नाटकगृहाच्या शेवटच्या बाकापर्यंत खणखणत जाणारा. नारायणरावांचा आवाज तसा नव्हता. तो मऊ, गोल आणि जवळ येऊन बोलणारा. भाऊरावांना ऐकलेल्या जुन्या मंडळींनी पहिल्यापहिल्यांदा नाके मुरडली असतील तर नवल नाही. पण दोनचार वर्षांत सुभद्रा, शारदा, वसंतसेना अशा भूमिका एकामागून एक या नव्या गळ्यातून उतरल्या आणि तुलना मागे पडली.

शिक्षणाच्या बाबतीत ते भाग्यवान. भास्करबुवा बखले त्यांना गुरु म्हणून लाभले. बुवाही मूळचे नाटकातलेच. सुरतेजवळच्या कठोर गावचे. लहानपणी किर्लोस्कर मंडळीत गात असत. आवाज फुटल्यावर नाटक सुटले, आणि मग बडोद्यास फैजमहंमद खाँसाहेबांपाशी, पुढे नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ यांच्यापाशी त्यांनी विद्या मिळविली. तीन घरांचे गाणे ज्याच्या पोटात आहे असा गवई नाटकातल्या पदाला हात लावतो, तेव्हा ते पद चिजेच्या तोलाचे होते. बुवांनी शिष्याला ख्याल शिकविला, पण ख्यालिया केला नाही, यातच त्यांचा शहाणपणा दिसतो. विद्या पोटात ठेवून तिचा सुगंध तेवढा पदातून यावा, हे त्यांनी शिष्याच्या अंगी बाणविले.

१२ मार्च १९११. मुंबईस खाडिलकरांच्या मानापमानाचा पहिला प्रयोग. त्याच दिवशी सकाळी नारायणरावांची तान्ही मुलगी वारली. मंडळींनी खेळ पुढे ढकलण्याची तयारी दाखविली. नारायणरावांनी ती मानली नाही. संध्याकाळी त्यांनी भामिनीचा साज चढविला आणि खेळ पार पाडला. ही हकीकत कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते. आम्हाला ती सांगताना थोडे अवघडल्यासारखे होते. घरी लक्ष्मीबाई होत्या. त्या आईची ती रात्र कशी गेली असेल, हे कोणत्याही नाट्यवृत्तांतात लिहिलेले नाही. ज्यांनी आपल्याला सुख दिले त्यांच्या घरच्यांनी त्याची काय किंमत मोजली, हेही मिळकतीच्या हिशेबात धरले पाहिजे.

मानापमानाने नारायणराव लोकांच्या मनात कायमचे बसले. गोविंदराव टेंब्यांनी त्याला पूरबेकडच्या ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाच्या चाली दिल्या होत्या, आणि तो नखरा नारायणरावांच्या गळ्याला असा शोभला की तो त्यांच्यासाठीच जन्मला असावा असे वाटे. १९१३ साली विद्याहरणात देवयानी केली, आणि त्याच वर्षी नारायणराव, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे अशा तिघांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. आजवर पगारी नट होते, ते आता मालक झाले. नटाच्या आयुष्यात हे वळण मोठे घातक असते. पगारी नटाला रात्रीची भूमिका सांभाळली म्हणजे झाले. मालकाला सकाळी उठून स्वयंपाकघरातील तांदळापासून रेल्वेच्या वाघिणीपर्यंत सगळे पाहावे लागते. नारायणरावांना यातले काहीच कधी पाहता आले नाही. तरीही त्यांनी मालकी सोडली नाही, हीच त्यांच्या संसाराची मेख.

नाटक मंडळी म्हणजे काय चीज होती, हे नव्या पिढीला थोडे सांगितले पाहिजे. ती नुसती कंपनी नव्हे, फिरते बिऱ्हाड होते. नट, गवय्ये, साजिंदे, रंगपट सांभाळणारे, पडदे ओढणारे, आचारी, वाढपी, शिवाय बायकापोरे आणि वशिल्याने राहिलेले आश्रित, असे मोठे खटले या गावाहून त्या गावी हालत असे. मुक्काम पडे तेथे वाडा भाड्याने घ्यायचा, चुली पेटवायच्या, पंगती बसवायच्या. खेळ असो नसो, पाने मांडली जाणारच. आठवड्यातून थोडेच खेळ, आणि पावसाळ्यात तेही थंड. उत्पन्न खेळाच्या रात्रीचे आणि खर्च आठवड्याच्या सातही दिवसांचा. असा धंदा चालवायला हातात पक्की वही असलेला कारभारी लागतो. ज्यांना तो लाभला त्या मंडळ्या जगल्या. इतरांच्या तिजोरीत दर रविवारी भरती यायची आणि दर शनिवारी ओहोटी लागायची.

गंधर्व मंडळीच्या पंगतीला साजूक तूप असे. साजिंदे असे, की त्यांतला एकेक स्वतंत्र बैठकीचा धनी. तबल्यास अहमदजान थिरकवाँ, सारंगीस कादरबक्ष, ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे. नाटकाच्या पिटात थिरकवाँसाहेब ठेका धरून बसले आहेत, ही कल्पना आज करून पाहावी! त्यांच्यासारख्या माणसाला मंडळीत ठेवायचे म्हणजे पगार काय द्यावा लागला असेल, याचा अंदाज करावा. कोणताही व्यवहारी मालक म्हणाला असता, की पदाला एवढा तबलजी कशाला? नारायणरावांना हा प्रश्न पडलाच नाही. रुक्मिणीला रुक्मिणीच्या तोलाचा ठेका पाहिजे, एवढेच त्यांना कळत होते.

वेषभूषेचीही तीच कथा. शालू खरा, पैठणी खरी, दागिने खरे, अत्तर खरे. दिव्याच्या उजेडात जरीकाठ खरा की खोटा हे चौथ्या रांगेतल्या माणसालाही कळत नसे, पण नटाला कळत होते. खरा शालू अंगावर आला म्हणजे चाल बदलते, मान वळते ती निराळी, पदर सावरण्यात एक जबाबदारी येते, असे त्यांचे मत असावे. परिणाम असा झाला, की घरंदाज बायका नाटकास येऊन भामिनीचे नेसणे, रुक्मिणीची वेणी, पदराची ढब पाहून जात आणि घरी तसे करू पाहत. पुरुषाने स्त्रियांना नेसायला शिकवावे, हा चमत्कार मराठी मुलुखात या एकाच माणसाच्या हातून घडला. त्यांच्या नावाची टोपी निघाली, तसबिरी घरोघर लागल्या. या विक्रीतून दुकानदारांनी किती मिळविले असेल ते असो. नारायणरावांची तिजोरी त्याने भरली नाही.

१० डिसेंबर १९१६ रोजी स्वयंवर रंगभूमीवर आले. आमच्या मते मराठी संगीत नाटकाचा हा माध्यान्ह. चाली भास्करबुवांच्या. भूप, यमन, भीमपलास असे रोजचे राग, पण पदांतून ते असे उभे राहिले की विद्यार्थ्याला रागाची ओळख करून द्यायची तर आजही आधी स्वयंवराचे पद गाऊन दाखवावे आणि मग आरोह-अवरोह सांगावा. नारायणरावांच्या गाण्याचे मर्म येथे उघडे पडते. ताना थोड्या आणि लहान. स्वराला स्वर जोडताना मधली जागा दिसत नाही. शब्द तर असा, की काना-मात्रा ऐकू यावी. आणि लय! ठेका आपल्या वाटेने चालला आहे, गायक आपल्या वाटेने, दोघे एकमेकांस विसरल्यासारखे. आणि समेच्या तोंडाशी शब्द असा अलगद येऊन टेकतो की श्रोत्याच्या तोंडून आपोआप उद्गार निघावा. हे करायला बाजूला थिरकवाँसारखा माणूस लागतो. म्हणजे तो पगार वायफळ नव्हता. तो पदाच्या चालीतच जमा होत होता.

आमच्या शहराचा या मंडळीशी संबंध घरोब्याचा. सयाजीराव महाराजांचा आश्रय तिला लाभला आणि बडोद्याचा मुक्काम हा तिच्या मानाचा मुक्काम ठरला. २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यासच गडकऱ्यांच्या एकच प्याल्याचा पहिला प्रयोग झाला. राम गणेश गडकरी त्याआधी महिनाभरापूर्वी, २३ जानेवारीस, सावनेरला वारले होते. नाटकाची पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. गणपतराव बोडस सुधाकर, आणि नारायणराव सिंधू. शालू-पैठणीवाचून ज्यांना कधी पाहिले नव्हते, ते त्या रात्री फाटके, ठिगळ लावलेले लुगडे नेसून जात्यावर बसले. नुसत्या भरजरी वस्त्रांवर लोक लुब्ध झाले आहेत असे म्हणणाऱ्यांची तोंडे त्या ठिगळाने बंद केली. येथल्या जुन्या घरांतून त्या प्रयोगाची आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे, आणि प्रत्येक घरातला कोणीतरी पूर्वज त्या रात्री नाटकगृहात होता असे ऐकू येते. तितके लोक त्या नाटकगृहात मावले कसे, हा प्रश्न विचारू नये.

मग द्रौपदी आले, १९२० साली. खाडिलकरांचेच नाटक. मयसभा उभी करायची म्हणून मंडळीने खर्चाला हात आखडला नाही. नाटक दिपवून टाकणारे झाले, पण त्या दिपण्यातून पैसा परत आला नाही. इतके दिवस आत मुरत असलेले कर्ज याच सुमारास वर आले. टेंबे आणि बोडस दोघेही आपापल्या वाटेने गेले, आणि १९२१ मध्ये नारायणराव मंडळीचे एकटे मालक झाले. मालक कशाचे, तर रंगपटाचे, नावाचे आणि डोंगराएवढ्या कर्जाचे.

त्याच वर्षी, ८ जुलै १९२१ रोजी, मुंबईस संयुक्त मानापमान झाले. ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन मालक एका रंगभूमीवर. खेळ टिळक स्वराज्य फंडासाठी होता. तिकिटांचे दर नेहमीच्या कितीतरी पट, तरी जागा पुरली नाही. आता यातली गंमत पाहा. गळ्याशी कर्ज आलेला माणूस आयुष्यातील सर्वांत मोठ्या गल्ल्याचा खेळ करतो आणि तो गल्ला देशाच्या फंडात टाकून रिकाम्या हाताने बिऱ्हाडी परततो. कोणी याला वेड म्हणेल. केशवरावांनाही पैसे नको होते असे नाही. त्या रात्री दोघांनी एकमेकांस वर काढीत गाण्याची जी शर्थ केली ती ऐकलेल्यांनी जन्मभर सांगितली. तीन महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव विषमज्वराने गेले. वय अवघे एकतीस.

कर्जातून सुटण्याचा कायदेशीर मार्ग होता. नादारी पत्करली असती तर देणेकऱ्यांच्या तगाद्यातून एका दिवसात मोकळे झाले असते. नारायणरावांनी ती वाट धरली नाही. कर्ज फेडीन तर गाऊन फेडीन, असा त्यांचा हिय्या. पुढची सातएक वर्षे मंडळी सतत खेळत राहिली. नंदकुमार, मेनका अशी नवी नाटके आली. जुन्यांना तर मरण नव्हतेच. गावोगाव स्वयंवर, मानापमान, सौभद्र, एकच प्याला. रात्री नऊला पडदा उघडायचा तो पहाटे पडायचा. एकेका पदाला वन्समोअर किती, याची गणती नसे. आणि एकदाही त्यांनी प्रेक्षकांस नाही म्हटले नाही. प्रेक्षकांना ते अन्नदाते मायबाप मानीत, भेटेल त्या माणसास देवा म्हणून हाक मारीत. ही नाटकी बोली आहे असे प्रथम वाटे. नंतर कळे, की ते सगळ्यांना खरोखरच तसे समजतात. देव समोर असल्यावर त्याच्याशी हिशेब कोण करतो?

सात वर्षांच्या त्या अविश्रांत गाण्यातून देणे फिटायला हवे होते. पण वही उघडून पाहिली तेव्हा ते फिटले नव्हते. उत्पन्न एका दाराने येत होते आणि कारभाराच्या ढिलाईतून दुसऱ्या दाराने जात होते. शिवाय मालकाचा हात पूर्वीइतकाच सैल. कर्ज आहे म्हणून अत्तराची बाटली हलकी आणली, साजिंदे कमी केले, पंगतीचे तूप पातळ केले, असे एकदाही घडले नाही. शेवटी काही हितचिंतकांनी हात दिला तेव्हा त्या देण्यातून सुटका झाली. येथे भक्तांनाही कबूल केले पाहिजे, की उधळेपणाला कलेचे नाव देऊन सगळेच झाकता येत नाही. धनकोंचा पैसाही कोणाच्या तरी घामाचाच असतो, आणि मंडळी बसली म्हणजे पडदे ओढणाऱ्या गड्याच्या घरची चूल आधी विझते. खरा शालू पाहिजे हे मान्य. पण शालवाचे बिल कोणी पाहायचे, हेही कोणीतरी ठरवायला हवे होते. हे ठरविणारा माणूस त्यांना मिळाला नाही, किंवा मिळाला तो टिकला नाही.

भास्करबुवा १९२२ मध्येच गेले होते. त्यांचे शिष्य मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी चालींची धुरा घेतली. १९३१ चे कान्होपात्रा हे या उत्तरार्धातले शिखर. त्यातल्या अभंगांनी नारायणरावांच्या गाण्याला निराळे वळण लागले. नखरा मागे सरला, आळवणी पुढे आली. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, अंग सुटलेले, तरी विठ्ठलापुढे बसलेली ती कान्होपात्रा पाहताना लोकांना वय दिसत नसे. पण त्याच सुमारास दारात दुसरा पाहुणा येऊन उभा राहिला होता. १९३२ साली प्रभातचा अयोध्येचा राजा हा पहिला मराठी बोलपट आला. चार आण्यांत दोन-अडीच तासांत सगळे आटपते, गाणे आहे, संवाद आहे, देखावे तर नाटकाच्या बापजन्मी न होणारे. मग पहाटेपर्यंत कोण बसतो? एकेक नाटक मंडळी मिटू लागली. गंधर्व मंडळीही १९३४ च्या अखेरीस बंद झाली आणि बालगंधर्व पुण्यास प्रभातच्या दारी गेले.

प्रभातशी झालेली योजना भागीदारीची होती, नुसत्या पगाराची नव्हे. त्यातून १९३५ साली धर्मात्मा हे चित्र निघाले. दिग्दर्शक शांताराम, संगीत मास्तर कृष्णरावांचे. चित्राचे आधीचे नाव महात्मा. त्यावर सेन्सॉरने हरकत घेतली, कारण महात्मा म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे एकनाथांच्या आधी गांधीजी उभे राहणार, आणि विषयही अस्पृश्यांना जवळ करण्याचाच. नाव बदलले. नारायणरावांनी एकनाथांची, म्हणजे पुरुषाची भूमिका केली. लोक चित्रपटगृहात गेले ते भामिनी आणि रुक्मिणी मनात घेऊन, आणि त्यांना दाढीमिशांचे एकनाथ भेटले. चित्र चांगले होते. मोल होते. पण बालगंधर्वांचे जे होते ते कॅमेऱ्याच्या काचेतून पलीकडे गेले नाही. त्यांचा अभिनय प्रेक्षकांच्या श्वासावर चाले. एका नजरेवर हजार माणसे हलली, की दुसरी नजर आपोआप उमले. समोर काच, तीन तंत्रज्ञ आणि तोडून तोडून घेतलेले तुकडे असल्यावर ते कोणाकडे पाहणार? समेवर आल्यावर दाद द्यायलाही कोणी नाही. एका चित्रानंतर भागीदारी संपली. १९३७ मध्ये बाबूराव पेंटरांनी काढलेल्या साध्वी मीराबाईत ते पुन्हा स्त्रीवेषात आले. पण रंगभूमीला शोभणारे प्रौढ वय जवळून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला शोभले नाही. चित्रपटाने पुढे कित्येक नटांना लक्षाधीश केले. ज्याच्या नावावर सगळ्यांत मोठे भांडवल होते त्याला तो लाभला नाही.

मग १९३८ मध्ये पुन्हा मंडळी उभी राहिली. तीत गोहरबाई कर्नाटकी आल्या. त्या स्वतः गाणाऱ्या. गंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांचे गाणे त्यांनी गळ्यात उतरवून घेतले होते. आता नायिकेच्या भूमिका त्या करू लागल्या आणि पुष्कळदा नारायणराव पुरुषभूमिकेत उभे राहू लागले. लोकांना हे रुचले नाही. मंडळीतील जुनी माणसे दुरावली, घरातली माणसे दुरावली, चाहत्यांनी पाठ फिरविली. १९४० साली लक्ष्मीबाई वारल्या. १९५१ मध्ये नारायणरावांनी गोहरबाईंशी विवाह केला. जातीधर्माचे काय बोलले गेले ते बोलले गेले; त्याची उजळणी करण्यात अर्थ नाही. एवढे मात्र नोंदविले पाहिजे, की पडत्या काळात, पैसा आणि माणसे दोन्ही आटल्यावर, गोहरबाई त्यांच्या जवळ राहिल्या. त्यांच्यावर अन्याय झाला असे आम्हाला वाटते. उलट बाजूने, लक्ष्मीबाईंविषयी मराठी माणूस हळहळतो ते काही खोटे नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

१९५० नंतरच्या वर्षांत पाय गेले. ज्या चालीवर मुलूख डुलला ती चालच राहिली नाही. माहीमच्या बिऱ्हाडी राहावे, कोणी बोलावले तर दोघे-चौघे उचलून नेतील तसे जावे, बसून भजने गावीत, मिळेल ती बिदागी घ्यावी. असे दिवस आले. बसल्या जागेवरून गातानाही शब्द तोच, लय तीच. आवाज तेवढा थकला होता. मान-सन्मान उशिरा का होईना आले. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६४ मध्ये पद्मभूषण. पद्मभूषण आले त्याच साली गोहरबाई गेल्या. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यास नारायणरावांनी देह ठेवला.

त्याआधी, ८ ऑक्टोबर १९६२ रोजी, पुण्याच्या नव्या नाट्यगृहाचे भूमिपूजन त्यांच्याच हातून झाले होते. आपल्या नावाच्या थिएटरचा पाया आपणच घालण्याचे भाग्य किती नटांना लाभते? बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी उघडले. तेव्हा त्यांना जाऊन अकरा महिने झाले होते. जन्मभर भाड्याच्या नाटकगृहांतून ज्यांनी गल्ला गोळा केला, त्यांच्या नावाची ही मालमत्ता लोकांच्या पैशातून झाली.

बाकी मालमत्ता म्हटली तर ध्वनिमुद्रिका. तीन-तीन मिनिटांच्या, खरखरीच्या, त्या काळच्या भोंग्यापुढे ओरडून गावे लागे अशा. त्यांत रात्रभराचे गाणे मावत नाही. पहिल्या वन्समोअरला जे घडे आणि चौथ्याला जे निराळे घडे, ते त्यांत मुळीच नाही. तरीही कुमार गंधर्वांसारख्या गवयाला त्यांतून एवढे सापडले की देवासास बसून त्यांनी मला उमजलेले बालगंधर्व असा कार्यक्रमच बांधला, आणि ऐकणाऱ्यांना आपण जुनेच गाणे प्रथम ऐकतो आहोत असे वाटले. २०११ साली बालगंधर्व नावाचा चित्रपट निघाला आणि ज्यांच्या आईबापांनीही नारायणरावांना पाहिले नव्हते अशी मुले स्वयंवराची पदे शिकायला आली. शिकवू लागले की प्रत्येकाची अडचण एकाच ठिकाणी होते. सूर लागतात, जागाही बसते, पण शब्द समेला टेकायच्या आधीचा तो अर्ध्या मात्रेचा अवसर कोणाला जमत नाही. मुले घाई करतात. तेवढ्यासाठी आम्ही ती मुद्रिका पुन्हा लावतो.